मावशीचे डबे आणि अर्धं वचन

रविवारी उपासना सुटल्या सुटल्या मिरजेहून मावशीचा फोन. "गुरुवारचे डबे बंद करायचे का गं? ग्रुपवर असं असं आलंय."

प्रोटेस्टंट असलेली मावशी आणि तिची कॅथलिक शेजारीण दर गुरुवारी दवाखान्यांबाहेर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना जेवण देतात. भाकरी मावशीच्या, पिठलं शेजारणीचं. लोक जतकडचे, विजापूरकडचे. कुणी तीन दिवस जिन्याखालीच झोपलेलं. आणि मेसेज म्हणतो, कॅथलिकांबरोबर सेवा करणं म्हणजे विश्वास सोडणं. आधी आपल्या मंडळीचं बघा. माझ्या मावशीला हे वाचून रात्रभर झोप नाही. म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट मुद्दा आधी घेते. मेसेजमध्ये बायबलमधलं, पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं ६:१० हे वचन दिलंय: 'विशेषतः विश्वासाने एका घराण्यातले झालेल्यांचे बरे करावे.' बाकीचं वचन कुठं गेलं? त्याच ओळीत 'विशेषतः'च्या आधी 'सर्वांचे' आहे. पौल सर्वांचं बरं करायला सांगतोय, आणि तेवढा एक शब्द कापून उरलेला तुकडा भाकरी अडवायला वापरलाय. शास्त्राशी असा खेळ करणाऱ्याला विश्वासाची काळजी आहे, हे मला पटत नाही. येशूनं सांगितलेला शोमरोनी माणसाचा दाखला तरी आठवायचा, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याचा. यहूदी आणि शोमरोनी यांचं उपासनेच्या जागेवरूनच भांडण होतं. योहान ४ मध्ये येशू शोमरोनी बाईला स्पष्ट सांगतो की तुम्ही ज्याला जाणत नाही त्याची उपासना करता. तरी जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतणारा, उतारशाळेत दोन रुपये भरणारा शेजारी म्हणून येशूनं शोमरोनीच उभा केला.

मेसेजमधलं 'विजोड होऊ नका' हे २ करिंथ ६:१४ विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दल आहे. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा झालेल्या बाईला ते लावता येत नाही. विषय संपला.

पुढचा मुद्दा, एकत्र सेवा हा पोपच्या हाताखाली नेण्याचा डाव. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. कॅथलिक चर्चला पूर्ण ऐक्य हवंय आणि त्यात पोपचं स्थान ते सोडत नाहीत. प्रभुभोजनाला आपण अजून एका मेजावर नाही, आणि त्याचं मला दुःख आहे. पण डाव म्हणायच्या आधी त्यांचं लिहिलेलं वाचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, २१ नोव्हेंबर १९६४ ला ख्रिस्ती ऐक्यावर आदेश काढला. त्याच्या १२व्या परिच्छेदात दुष्काळ, नैसर्गिक आपत्ती, निरक्षरता, गरिबी, घरांची टंचाई ही कामं नावानिशी आहेत. ती सगळ्या ख्रिस्ती लोकांनी मिळून करावीत. त्यातून सेवक ख्रिस्ताचं रूप अधिक स्पष्ट दिसतं आणि एकमेकांना ओळखण्याची, मान देण्याची वाट सापडते, असं ते म्हणतात. पिठल्याचं पातेलं उचलण्याआधी मत बदला, अशी अट त्यात कुठंही नाही.

'आपल्या मिशनऱ्यांनी असं कधी केलं नाही' हे तर मिरजेच्या माणसानं लिहूच नये. १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा करणारे डॉ. विल्यम वॉनलेस प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे. तिकडे साताऱ्यात, वाईत अमेरिकन मराठी मिशन, ते काँग्रिगेशनल, दुसरा प्रोटेस्टंट पंथ. १९२४ मध्ये हे दोन पंथ एका चर्चमध्ये आले, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स यांच्यासह चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात कॅथलिक नव्हते, हे खरं. पण 'आपले' म्हणून ज्यांची नावं घेता, तेही कधीकाळी वेगवेगळ्या चर्चचेच होते.

शेवटी मेसेज म्हणतो, दुसऱ्याच्या हातचं अन्न विटाळतं. याला मी उत्तर देणार नाही.

मावशीला फोनवर गलतीकरांसची ती ओळ पहिल्यापासून वाचून दाखवली. तिनं चष्मा लावून स्वतःच्या शास्त्रात पुन्हा वाचली आणि 'सर्वांचे' खाली पेन्सिलनं रेघ मारली. ज्यांनी तिला मेसेज पाठवला, त्यांनी आता तिला पूर्ण वचनही पाठवावं. गुरुवारच्या आत.