सैनिकाला पिस्तुलाचा परवाना आपोआप मिळावा का?

बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची माहिती २०२४ च्या अखेरीस पुढे आली आणि तेव्हापासून परवाना कोणाला द्यावा, कोणाचा रद्द करावा, हा विषय महाराष्ट्रात सतत बोलला जात आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरांत त्याला वेगळे वळण लागले, कारण तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत आहे किंवा होता. माझे मामेभाऊ सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचे म्हणणे असे की, पुढाऱ्यांच्या मागेपुढे फिरणाऱ्यांच्या कमरेला पिस्तूल दिसते, पण ज्याने सारी उमर सरकारी शस्त्र जिवापाड सांभाळले, त्याला परवान्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालावे लागतात. म्हणून सेवेतल्या आणि निवृत्त सैनिकांना परवाना अर्जासरशी मिळाला पाहिजे. आणि मग ठरलेला दाखला येतो: "तुमच्या अमेरिकेत बघा, सैनिकाला कोणी अडवते का?"

मी टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो या शहरात राहतो. इथे लष्कर आणि हवाई दलाचे मोठे तळ आहेत, माझ्या गल्लीतही गणवेशात कामाला जाणारे शेजारी आहेत. त्यामुळे या दाखल्याला सविस्तर उत्तर देणे मला आपले काम वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे, अमेरिकेतही सैनिकाला अडवले जाते. १९६८ च्या संघराज्याच्या कायद्याने परवानाधारक दुकानदाराला २१ वर्षांखालच्या कोणालाही पिस्तूल विकण्यास मनाई केली आणि त्यात सैनिकाचा अपवाद ठेवला नाही. सरकारने दिलेली रायफल दिवसभर हाताळणारा १९ वर्षांचा जवान संध्याकाळी दुकानातून पिस्तूल विकत घेऊ शकत नाही, अशी ही रचना होती. टेक्सस ज्याच्या कक्षेत येते त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ही मनाई घटनाविरोधी ठरवली आणि तो वाद अनेक न्यायालयांत लढला गेला आहे. घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातही दोषी ठरलेल्याला शस्त्र बाळगता येत नाही, ही १९९६ ची तरतूद सैनिकांना लागू आहे. सरकारी कामासाठी हाती येणारे शस्त्रही तिच्यातून सुटलेले नाही. अप्रतिष्ठेने बडतर्फ झालेल्याला तर आयुष्यभर बंदी आहे.

सवलती आहेत, पण त्या बहुतेक सोयीच्या आहेत. पिस्तूल स्वतःच्या राज्यातच विकत घेता येते, आणि सैनिकाची बदली सतत होत असल्याने ज्या राज्यात त्याची कायम नेमणूक आहे तेथील रहिवासी म्हणून कायदा त्याला धरतो. एका शेजाऱ्याबरोबर मी शस्त्रांच्या दुकानात गेलो असताना हे प्रत्यक्ष पाहिले. समोरच्या तरुण जवानाचे वाहन परवान्याचे कार्ड ओहायोचे होते. त्याने खिशातून लष्करी ओळखपत्र आणि घडी घातलेला बदलीचा हुकूम काढला. विक्रेत्याने हुकुमावरचे तळाचे नाव बोट ठेवून वाचले, मग छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात खटले, शिक्षा, घरगुती हिंसाचार, बडतर्फी यांविषयीचे प्रश्न होते, ते त्याने एकेक करून भरले. मग विक्रेत्याने त्याची माहिती केंद्रीय पडताळणीसाठी पाठवली. या सगळ्यात त्याच्या तुकडीच्या अधिकाऱ्याला कोणी एक शब्दही विचारला नाही. माझ्या मते अमेरिकी पद्धतीतला खरा दोष इथेच आहे.

तळावर राहणाऱ्याला आपले खासगी शस्त्र नोंदवावे लागते आणि बराकीत राहणाऱ्याचे शस्त्र तुकडीच्या शस्त्रागारात ठेवले जाते. पण तळाबाहेर भाड्याच्या घरात राहणाऱ्या सैनिकाकडे काय आहे, हे विचारण्यास अमेरिकी संसदेने २०११ च्या संरक्षण कायद्याने अधिकाऱ्यांना मज्जाव केला. आत्महत्येची शंका असेल तर विचारता येईल, एवढी मोकळीक दोन वर्षांनी देण्यात आली. अमेरिकेच्या सेवेतल्या सैनिकांच्या आत्महत्यांत सुमारे दोनतृतीयांश बंदुकीने होतात, आणि मरणाऱ्यांत कनिष्ठ हुद्द्यावरच्या तरुणांचे प्रमाण मोठे आहे. संरक्षण खात्याने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुचवले होते की, लष्करी आवारातल्या दुकानांत शस्त्र घेण्याचे किमान वय २५ करावे आणि शस्त्र ताब्यात देण्यापूर्वी सात दिवस थांबावे. त्या वर्षी खात्याने जे उपाय स्वीकारले त्यांत या दोन शिफारशी नव्हत्या. सात दिवसांत मनातला झटका ओसरू शकतो, हे समितीतल्या तज्ज्ञांना ठाऊक होते. तरी ते मान्य झाले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माहिती एका कचेरीतून दुसरीकडे न गेल्याने काय घडते, हे आमच्या शहराच्या जवळच दिसले. सदरलँड स्प्रिंग्ज हे गाव इथून तासाभराच्या आत येते. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथल्या चर्चमध्ये एका माणसाने २६ जणांचा जीव घेतला. तो हवाई दलात होता. पत्नीला आणि तिच्या लहान मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला २०१२ मध्ये दोषी ठरवले होते. कायद्याने त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण हवाई दलाने त्या शिक्षेची नोंद एफबीआयकडे पाठवलीच नाही, त्यामुळे दुकानातली पडताळणी बिनहरकत पार पडली. २०२१ मध्ये न्यायालयाने या हत्याकांडाची ६० टक्के जबाबदारी सरकारवर ठेवली. त्याआधी २००९ मध्ये फोर्ट हूड तळावर १३ जणांना मारणाऱ्या लष्करी डॉक्टरनेही आपले पिस्तूल जवळच्या किलीन गावातल्या दुकानातून रीतसर विकत घेतले होते.

आता आपल्याकडचे पाहू. भारतीय सैन्यातल्या जवानाला खासगी शस्त्राचा परवाना हवा असेल तर अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या हातून जातो, आणि शस्त्र तुकडीत आणले तर ते कोतमध्ये, म्हणजे तुकडीच्या शस्त्रागारात, जमा होते. कोतच्या रजिस्टरमध्ये सही करून शस्त्र ठेवायचे, सुट्टीवर जाताना सही करूनच उचलायचे. माझ्या भावांना यात जाच वाटत असे. मला मात्र ही आपल्याकडची सर्वांत शहाणी तरतूद वाटते, कारण ज्या अधिकाऱ्याला जवानाच्या घरचे भांडण, कर्ज, झोप उडालेली रात्र हे सगळे कानावर येते, तोच मध्ये उभा असतो. परवाना आपोआप देण्याच्या मागणीत नेमका हाच अधिकारी बाजूला सारला जातो.

शिवाय गणवेशाच्या नावावर दार उघडे ठेवले की त्यातून कोण शिरते, याचा अनुभव आपण घेतला आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात पावणेतीन लाखांच्या आसपास शस्त्र परवाने दिले गेले. राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने २०१७ मध्ये छडा लावला तेव्हा तीन हजारांहून अधिक परवाने सैनिकांच्या नावावर निघाल्याचे त्या पथकाने सांगितले, आणि पुढच्या वर्षी तपास सीबीआयकडे गेला. तिथे तैनात असल्याचे कागद जोडले की परवाना पदरात पडत होता. खऱ्या जवानांची त्यात बदनामी झाली ती वेगळीच.

माझ्या भावांच्या तक्रारीतला अर्धा भाग मात्र शंभर टक्के खरा आहे. पोलीस अहवालाला नियमाने मुदत असूनही अर्ज महिनोन्महिने पडून राहतो आणि कारण लेखी मिळत नाही. ही दिरंगाई संपली पाहिजे. त्यासाठी पडताळणी काढून टाकण्याची गरज नाही, ती ठरल्या दिवसांत पूर्ण करण्याची आहे.

आणि निवृत्त जवानाला परवाना कशासाठी हवा असतो, हेही उघड बोलले पाहिजे. बहुतेकांना तो नोकरीसाठी हवा असतो. स्वतःची बारा बोअर किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर सुरक्षा एजन्सी पगार वाढवून देते, एटीएमच्या गाडीवर किंवा व्यापाऱ्याच्या दारात उभे करते. म्हणजे शस्त्र जवानाचे, त्याची जबाबदारी जवानाची, आणि फायदा मालकाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवकाची हत्या झाली ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने. बँकांमध्ये परवाना संस्थेच्या नावावर असतो आणि पहारेकऱ्याचे नाव त्यावर चढवलेले असते. खासगी एजन्सींनाही हीच पद्धत सक्तीची केली, तर माजी सैनिकाला पोटासाठी स्वतःच्या नावावर पिस्तूल घ्यावे लागणार नाही.

हे लवकर व्हायला हवे, कारण २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे भरत आली आहेत. त्यातले चारांपैकी तीन जण जेमतेम बाविशी-पंचविशीत घरी परततील, आणि २१ ची वयोमर्यादा ओलांडल्यामुळे ते परवान्यासाठी अर्ज करू शकतील. त्यांच्या मागे तेव्हा ना कमांडिंग ऑफिसर असेल, ना कोत. सुरक्षा एजन्सी त्यांना पहिल्याच मुलाखतीत विचारतील, स्वतःचे शस्त्र आहे का.