माईंवरचा आरोप आणि बाबासाहेबांची प्रस्तावना

परवा आईनं फोनवर आलेला एक मजकूर माझ्यापुढे धरला. "खरंच का गं, माईंनीच घात केला?" 14 ऑक्टोबर 1956 ला आठ वर्षांची आई आजोबांचं बोट धरून नागपूरच्या दीक्षाभूमीवर आली होती. बाबासाहेबांशेजारी पांढऱ्या साडीतल्या माई, म्हणजे त्यांच्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर, तिनं लांबून पाहिल्या होत्या. तिच्या मनात हे विष कालवलं गेलं, म्हणून लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा: 1948 मध्ये ब्राह्मण डॉक्टरशी लग्न केलं आणि बाबासाहेब मवाळ झाले, बौद्ध धर्माकडे बायकोनं वळवलं, आणि शेवटी तिनंच औषधातून विष देऊन मारलं.

मवाळ? हिंदू कोड बिलासाठी 1951 मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा देणारा माणूस मवाळ? जात मोडायची तर आंतरजातीय लग्नं व्हायला हवीत, हे त्यांनी 1936 मध्येच लिहून ठेवलं होतं. 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत नोंदणी पद्धतीनं त्यांनी स्वतः तेच केलं. यावर अजून काय बोलायचं?

धर्माचं म्हणाल तर तारखा बघा. 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही येवल्याची घोषणा 1935 ची. बुद्धाचं नाव दिलेलं सिद्धार्थ कॉलेज 1946 चं, आणि दादरच्या घराचं 'राजगृह' हे बुद्धकाळातल्या नगराचं नाव त्याहून जुनं. तेव्हा डॉ. शारदा कबीर, म्हणजे लग्नाआधीच्या माई, त्यांच्या आयुष्यात होत्या कुठे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबच सांगतात की इंग्रजी चौथी पास झाल्यावर झालेल्या सत्काराच्या सभेत दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि तिथून बुद्धाची ओढ लागली. शाळकरी वयातली ही ओढ चाळीस वर्षांनी आलेल्या बायकोच्या नावावर घालणं म्हणजे बाबासाहेबांना स्वतःची अक्कल नव्हती असं म्हणणं. हा अपमान माईंचा कमी, त्यांचाच जास्त.

आता विषाचं. याच प्रस्तावनेत पुढे ते लिहितात की ग्रंथ लिहिण्याच्या पाच वर्षांत आपल्या तब्येतीनं बरेच चढउतार पाहिले, डॉक्टर आपल्याला विझत चाललेली ज्योत म्हणू लागले होते, आणि ती ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. त्या दोघांमुळेच ग्रंथ पुरा करता आला. हे कुणा कार्यकर्त्याचं ऐकीव नाही, ज्याला मारलं म्हणता त्याच्या हातचं आहे. ही प्रस्तावना 1957 च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही. ती लोकांसमोर असती तर या अफवेला इतके पाय फुटले नसते, असं मला ठामपणे वाटतं. मधुमेह, रक्तदाब, पायांच्या असह्य वेदना हे सगळं लग्नाच्या आधीपासूनचं होतं. माईंची ओळख वाढली तीच मुळी डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात, रुग्ण आणि डॉक्टर म्हणून. मृत्यूनंतर संशय उठला तेव्हा केंद्र सरकारनं चौकशी केली, आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचं गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांनी 1957 मध्ये लोकसभेत सांगितलं. तरीही त्या बाईनं 2003 पर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षं, हा कलंक वागवला. का? तर जन्म ब्राह्मणाच्या घरातला! जन्मावरून माणूस ठरवायचा नाही हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याच बायकोला जन्मावरून खुनी ठरवायचं. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांबरोबर त्यांनीही दीक्षा घेतली होती, ते कुठे गेलं?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. माई आल्यावर घराची शिस्त बदलली. पथ्य, विश्रांती, भेटीच्या वेळा त्या ठरवू लागल्या. लांबून आलेले कार्यकर्ते भेट न होता परत जायचे आणि दुखावले जायचे. ते दुखणं खरं होतं, संशयाला माती तिथेच मिळाली. बायकोचा नवऱ्याच्या सार्वजनिक आयुष्यावर ठसा उमटतोच. पहिल्या पत्नी रमाईंचा नव्हता उमटला? पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी रमाईंच्याच स्मृतीला अर्पण केला आहे. पण रमाईंना आपण आई म्हणतो, आणि माईंना मारेकरी.

आईला ती प्रस्तावना मोठ्यानं वाचून दाखवली. विझत्या ज्योतीचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. मग जिच्याकडून मजकूर आला होता त्या मावसबहिणीला तिनं स्वतः फोन लावला.