मावा, मावा आणि परत मावा! वैताग आलाय नुसता

डोकं फिरलंय माझं आज. चवळीवर परत मावा, झाडाचा रस पिणारी ती बारीक कीड. शेंडा, कळी, कोवळ्या शेंगेचं देठ, बोट ठेवायला जागा नाही इतका काळा कुळकुळीत लगडलाय, आणि तिकडे पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरचीच्या पानांखाली हिरवा. हो, पॉलिहाऊसच म्हणते मी त्याला, गच्चीच्या कोपऱ्यात पाइप वाकवून वर प्लास्टिक ताणलंय, बाजूने जाळी लावलीय, पदरचे पैसे घालून हौसेने केलंय, ते काय मावा पोसायला केलंय का?

आणि कोणाला सांगायला जावं तर एकच उत्तर. नीमतेल मार. शेजारच्या काकू नीमतेल, व्हॉट्सॲप ग्रुपवर नीमतेल, नणंदेला फोन केला तर तीपण नीमतेल. अरे पण कसं मारायचं ते कोण सांगणार? नुसतं पाण्यात ओतलं तर तेल वर तरंगतं, पंपातून आधी पाणीच जातं आणि शेवटचं तेल सगळं एकाच झाडावर पडून पानं करपतात. लिटरला 5 मिली तेल, त्याला आधी थोडं साबणाचं पाणी लावून घोटायचं, पांढरं झालं की मग बाकीचं पाणी, आणि मारायचं संध्याकाळी, कारण कडक उन्हात त्यातलं औषध टिकत नाही. आणि मारायचं पानाच्या खालून. खालून! मावा पानाच्या पाठीला बसतो, तुम्ही वरून पानं चकचकीत करून काय उपयोग आहे? शिवाय नीमने किडा जागच्या जागी मरत नाही, त्याचं खाणं कमी होतं, कात टाकणं बिघडतं, वेळ लागतो त्याला, परत परत मारावं लागतं. पण एवढं बोलायला वेळ कोणाला आहे, एक शब्द फेकला की सल्ला दिल्याचं पुण्य मिळालं.

आणि वेळ लागतो तोवर इकडे काय होतं? या माव्याच्या मादीला नर लागतच नाही. अंडी घालायची भानगड नाही, सरळ जिवंत पिल्लं टाकते, आणि ते पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटात पुढची पिढी वाढायला लागलेली असते. आई, लेक, नात एकाच अंगात. हवा गरम असली की साधारण आठवड्यात ते पिल्लू स्वतः पिल्लं टाकायला तयार. चार किडे दिसले, उद्या बघू म्हटलं की गेला शेंडा. गर्दी झाली की त्यातलेच पंखवाले निघतात आणि पुढच्या कुंडीत जाऊन बसतात. बाहेरच्या झाडावरचा निदान एका दणदणीत पावसात धुवून तरी जातो, पॉलिहाऊसमध्ये पाऊस नाही, वारा नाही, जाळीमुळे त्याला खाणारे किडे आत येत नाहीत, म्हणजे एकदा आत शिरला की राज्य त्याचंच. त्यात हे ढगाळ हवामान. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, दोन दिवस आभाळ आलं की त्याच्या पोटात गोळा येतो, आता मावा पडणार म्हणून.

मुंग्यांचं तर कोणी नावच काढत नाही. मावा झाडाचा रस पितो आणि मागून गोड चिकट पाणी टाकतो, ते प्यायला मुंग्या रांग लावतात, आणि गुराख्याने ढोरं राखावीत तसा मावा राखतात, मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) आला तर त्याच्या अंगावर धावून जातात. माझ्या चवळीचा वेल रेलिंगला बांधलाय, त्या रेलिंगवरून सकाळ-संध्याकाळ वर-खाली चालूच असतं यांचं. आधी मुंग्यांची वाट तोडा, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवा, आधाराच्या तारेला ग्रीस लावा, मग बाकीचं. तेच चिकट पाणी खालच्या पानांवर सांडतं आणि त्यावर काळी बुरशी चढते, मग पान ऊन घेणार कुठून!

पानांवर पांढरा भुसा पडला होता तर औषधाच्या दुकानातला माणूस म्हणे ही बुरशी आहे, बुरशीनाशक घेऊन जा. अहो, कात आहे ती! माव्याने टाकलेली कात. बोटाच्या टोकावर घेऊन उजेडात धरली तर बारीक पाय दिसतात तिला. दुकान थाटून बसलाय आणि एवढं माहीत नाही? वर शेल्फखालून एक बाटली काढली, लेबल नाही, कागद नाही, म्हणे हे मारा, एका फटक्यात साफ. कशाचं आहे? चांगलं आहे ताई. मारल्यावर किती दिवसांनी भाजी खायची? काही होत नाही ताई. काही होत नाही? 1968 चा कीटकनाशक कायदा आहे, लेबल पाहिजे, माहितीपत्रक पाहिजे, किती विषारी ते सांगणारा लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा त्रिकोण पाहिजे बाटलीवर, आणि हा मला खाऊच्या डब्यात जाणाऱ्या मिरचीवर मारायला बिननावाचं पाणी देतोय. 2017 ला यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली, तेव्हा महिनाभर सगळे बोलले, मग विसरले. आणि अशा बाटल्यांत इमिडाक्लोप्रिड, म्हणजे मधमाश्यांना मारणारं कीटकनाशक, असलं तर त्यांचं काय? माझ्या दुधी-काकडीला फळं कोण धरवणार, हा दुकानदार येऊन?

सगळ्यात जास्त जीव जळला तो मागच्या आठवड्यात. चवळीवर ढालकिड्याच्या अळ्या आल्या होत्या. काळ्या, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके, दिसायला भीतीदायक असतात पण मावा खातात तो बघत राहावा असा, एकाला धरलं, रस ओढला, रिकामं साल टाकलं, पुढचा. मी इतकी खूश होते. सोसायटीचा माळी टाकी बघायला वर आला आणि "ताई अळी लागलीय" म्हणत सगळ्या चिमटीत चिरडल्या. न विचारता! मदत केली म्हणून वर हसतोय. पानावर फुगलेले तपकिरी मावेपण होते, ज्यांच्या आत ती इवलीशी परजीवी गांधीलमाशी वाढत असते, तेपण पुसून टाकले. जे चार जीव फुकट काम करत होते तेच मारले, मावा जिथल्या तिथे.

पण मूळ राग आहे तो नर्सरीवाल्यावर. पॉलिहाऊसमधला मावा त्याच्याकडच्या रोपांतून आलाय, बाहेरून जाळीतून नाही. युरिया ओतून ओतून रोपं लुसलुशीत, गडद हिरवी करायची, गिऱ्हाईक भुलतं, आणि असल्या कोवळ्या पाल्यावरच मावा तुटून पडतो. तो दुमडलेल्या शेंड्यात दडलेला, वरून काही दिसत नाही. त्याला जाऊन सांगितलं तर म्हणतो, "ताई, झाड आहे, किडे येणारच." येणारच? तू विकलेस ते! आता काकडीच्या दोन वेलांची पानं पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची झालीत, मोझॅक हा व्हायरसचा रोग आहे तो, मावा तोंडाने एका झाडाचा व्हायरस दुसऱ्याला लावतो, आणि व्हायरसला औषध नाही, वेल उपटून टाकायचा एवढंच. फुलावर आलेले वेल आहेत हो ते. बी लावल्यापासून हाताने वाढवलेले, त्याच्या रोपांशेजारी होते एवढाच त्यांचा गुन्हा.

उद्या सकाळी ते दोन वेल आणि त्याच्याकडची ती मिरची पिशवीत बांधून नर्सरीत नेणार आहे. पैसे परत नकोत मला. मागच्या शेडमध्ये त्याच ट्रेमधली रोपं अजून लावून ठेवलीत, ती त्याने विकायची थांबवायची. नाही थांबवली तर गेटवर उभी राहीन आणि रोप घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पान उलटं करून दाखवीन.