टेस्लाचे चार्जर सर्व गाड्यांसाठी खुले झाल्याच्या संदेशाबाबत खुलासा

‘अमेरिकेत आता कोणत्याही कंपनीची इलेक्ट्रिक गाडी टेस्लाच्या कोणत्याही चार्जरवर लावता येते’ असा संदेश सध्या फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यावर विसंबून लांबच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाची वाटेत फार अडचण होऊ शकते, म्हणून हा खुलासा.

आपल्या गाड्यांना टेस्लाचे चार्जर वापरता यावेत म्हणून मे 2023 मध्ये फोर्डने आणि जूनमध्ये जनरल मोटर्सने टेस्लाशी करार केले. प्रत्यक्षात फोर्डच्या गाड्यांना 2024 च्या फेब्रुवारीअखेरीस ही सोय मिळाली. मात्र ती करार झालेल्या कंपन्यांपुरती आणि प्रामुख्याने तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या चार्जरपुरतीच आहे. दुसऱ्या पिढीचे जुने चार्जर इतर गाड्यांशी संवादच साधू शकत नाहीत, त्यामुळे अडॅप्टर (वेगळ्या आकाराचा प्लग बसवून देणारा जोडभाग) जोडूनही तेथे चार्जिंग सुरू होत नाही.

केबलचाही प्रश्न आहे. टेस्लाचे चार्जिंग तोंड मागे डावीकडे असते, तर फोर्ड मस्टँग माक-ईचे पुढच्या चाकाजवळ. साहजिकच तिसऱ्या पिढीच्या चार्जरची आखूड केबल पोहोचावी म्हणून अनेकदा गाडी शेजारच्या जागेत लावावी लागते. निघण्यापूर्वी टेस्लाच्या अॅपमध्ये आपल्या गाडीसाठी खुली असलेली केंद्रे अवश्य पाहावीत.