फोन मागणाऱ्या मुलाला हावरट म्हणण्याआधी

"आजकालच्या पोरांना सगळं नवीनच लागतं." हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता मला त्याचा राग येतो. शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतं, नातेवाईक जमले की ऐकू येतं, इथे फेसबुकवर तर रोजच वाचायला मिळतं. हातातला फोन नीट चालत असतो, तरी मुलगा नवा मागतो. मैत्रिणीकडे आहे तेच घड्याळ, तेच इअरबड्स मुलीला हवे असतात. मग सगळ्यांचं एकमत होतं : पिढीच बिघडली, यांना पैशाची किंमत नाही, आमच्या वेळी असं नव्हतं.

मला हे पटत नाही. मी सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना शिकवते. त्यांची ही ओढ रोज बघते, तिच्यापायी त्यांना होणारा त्रासही बघते. ही ओढ तयार करण्याचं काम गेली शंभर वर्षं मोठी, शिकलेली, हुशार माणसं पगार घेऊन करत आली आहेत. आणि दोषी कोण, तर सतरा वर्षांचं पोर!

एका विद्यार्थ्याशी झालेलं बोलणं सांगते. नव्या फोनवरून घरात भांडण झालं होतं आणि त्याने अबोला धरला होता. त्याच्या आईने मला सांगितलं, तुम्ही जरा बोलून बघा. मी विचारलं, "आत्ताच्या फोनला काय झालंय?" म्हणाला, "काही नाही मॅडम, चालतो की." जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सगळे फोटोला उभे राहतो ना, तेव्हा मी फोन पुढे केला की म्हणतात, 'तुझ्यावर नको रे, त्याच्यावर काढ.'"

एवढंच. कोणी चिडवत नाही, कोणी वाईट बोलत नाही. फक्त दर वेळी त्याचा पुढे केलेला हात मागे जातो. हे ऐकल्यावर त्याला 'हावरट' म्हणायची माझी जीभ रेटली नाही.

ॲलिसन प्यू या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आहेत. श्रीमंत आणि गरीब, दोन्ही प्रकारच्या घरांत राहून-वावरून त्यांनी मुलांच्या मागण्यांचा अभ्यास केला. मुलं वस्तू मागतात ती बरोबरीच्यांच्या गप्पांत आपल्यालाही जागा असावी म्हणून, हा त्यांचा निष्कर्ष. त्याला त्यांनी प्रतिष्ठेचं अर्थकारण म्हटलं. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. हात आखडता असलेले आईबाप इतर गरजा मागे सारून एखादी ठळक वस्तू घेऊन देतात, कारण ती नसली तर आपलं मूल उघडं पडेल हे त्यांना कळत असतं. पैसेवाले आईबाप मात्र एखादी वस्तू मुद्दाम नाकारतात आणि 'आम्ही लाड करत नाही' हे अभिमानाने सांगतात, बाकी सगळं भरपूर दिलेलं असतानाही. साधेपणाचं कौतुक करताना हे लक्षात ठेवायला हवं. ज्याला काहीही घेणं परवडतं, त्याच्या हातातला जुना फोन साधेपणा ठरतो. ज्याला परवडत नाही, त्याच्या हातातला तोच फोन त्याची पायरी दाखवतो.

आणि या पायऱ्या उपकरणातच बांधलेल्या असतात. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला. आयफोन नसलेल्या माणसाचे संदेश इतरांच्या आयफोनवर हिरव्या फुग्यात दिसतात आणि त्यामुळे त्याला, विशेषतः किशोरवयीन मुलांना, गटात हिणवलं जातं, बाजूला पाडलं जातं, हा त्या तक्रारीतला एक मुद्दा आहे. ॲपलला आरोप मान्य नाहीत, निकाल काय लागायचा तो लागेल. पण मुलांच्या गटातली ही गोष्ट न्यायालयाच्या कागदावर यावी, यातच बरंच काही आलं.

फोनची मागची बाजू कधी नीट बघितली आहे का? पडदा वापरणाऱ्यासाठी असतो. पाठ दिसते ती समोरच्याला. बोधचिन्ह पाठीवर, कॅमेऱ्यांची ठळक मांडणी पाठीवर, आणि यंदाचा खास रंगही पाठीवर. आरशासमोर फोटो काढला की चेहऱ्याशेजारी हीच पाठ दिसते. फोन कुठल्या वर्षाचा, हे खोलीच्या पलीकडून ओळखू यावं अशी ही सगळी सोय आहे.

ही युक्ती जुनी आहे. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ जवळजवळ त्याच रूपात विकली गेली, त्यातली बरीच वर्षं फक्त काळ्या रंगात. स्वस्ताईत तिच्याशी टक्कर घेण्यापेक्षा जनरल मोटर्स या स्पर्धक गाडी कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी वेगळी वाट धरली : गाडीचं रूपच दरवर्षी बदलायचं. १९२७ साली त्या कंपनीने चक्क 'कला आणि रंग विभाग' काढला. शेजाऱ्याची गाडी नव्या रंगाची दिसली की आपली, इंजिन धडधाकट असूनही, जुनी वाटायला लागावी. १९२९ साली त्याच कंपनीचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी एक लेख लिहिला. ग्राहकाला असमाधानी ठेवा, असं त्याचं शीर्षकच होतं. पुढे १९५४ मध्ये ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने हेच आणखी स्वच्छ सांगितलं : थोडं नवं, थोडं बरं, आणि गरजेच्या थोडं आधी घ्यावंसं वाटेल अशी इच्छा ग्राहकाच्या मनात रुजवणं. हे काही छुपं कारस्थान नव्हतं. धंद्याचं धोरण म्हणून उजळ माथ्याने मांडलेलं होतं.

फरक पडला तो वेगात आणि जवळिकीत. पूर्वी तुलना व्हायची ती वर्गात, मैदानात. घरी आलं की सुटका होती. आता ती तुलना उशाशी असते, रात्री दीड वाजताही. नवा फोन येतो तेव्हा कंपन्यांनी तो आधीच निवडक यूट्यूबरकडे पाठवलेला असतो, आणि ठरवून दिलेली वेळ झाली की सगळ्यांचे व्हिडिओ एकदम पडतात. मुलाला वाटतं, अख्खं जग याच गोष्टीवर बोलतंय. तो यूट्यूबर खोटं बोलतोच असं नाही. वर्षभरात डझनावारी फोन हाताळणाऱ्याला मागच्या वर्षीचा फोन खरोखरच शिळा वाटतो. पण त्याची नजर उसनी घेऊन माझा विद्यार्थी स्वतःच्या एकुलत्या एका फोनकडे बघतो.

हे सगळं येऊन आदळतं ते नेमकं कुठल्या वयात, तेही बघा. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा खेळ काही जणांनी एकट्याने खेळायचा, काहींनी बरोबरीच्यांच्या सोबतीत. सोबती बघत असले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोके पत्करत होती. प्रौढांना सोबतीने फारसा फरक पडत नव्हता. या वयात बरोबरीच्यांची नजर म्हणजे मोठी ताकद असते, आणि बाजार त्याच नजरेवर काम करतो. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांचं संशोधन असं सांगतं की एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि मिळाल्यावर तिने सुख होणं, या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामिन हे मेंदूतलं रसायन पहिलीला पेटवतं. म्हणून खोका उघडेपर्यंत जीव नुसता कासावीस असतो आणि पंधरवड्यात तोच फोन इतर वस्तूंसारखी एक वस्तू होऊन जातो. मूल त्यात खोटेपणा करत नाही. त्याला खरंच तितकं हवं होतं.

आता बॅटरी. फोन 'जुना झाला' म्हणतात तेव्हा कित्येकदा फक्त बॅटरी थकलेली असते. लिथियम-आयन बॅटरी दर चार्जिंगला थोडी झिजते, त्यावर इलाज नाही. ती बदलली की फोन पुन्हा नीट चालू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केलं, असं कारण दिलं. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं असेलही. पण वापरणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं की बाबा, बॅटरी बदल, फोन बदलू नकोस. फ्रान्समध्ये याच लपवाछपवीबद्दल २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड झाला. असे किती धडधाकट फोन फेकले गेले असतील याचा विचार केला की मला वाईट वाटतं. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे तो जेमतेम २२ टक्के.

फोन हप्त्यांवर घेण्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. 'बिनव्याजी' म्हणतात त्यात बऱ्याचदा रोखीवर मिळणारी सूट गायब झालेली असते, वर प्रक्रिया शुल्क लागतं. नवं मॉडेल दरवर्षी येतं आणि हप्ते कधी कधी चोवीस महिन्यांचे असतात. म्हणजे शेवटचा हप्ता भरेपर्यंत त्या फोनला दोनदा जुनं ठरवून झालेलं असतं. पहिल्या पगाराआधीच कर्जाची सवय लागलेली मुलं मी बघते आहे. हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडला की त्यांना पटकन कळतो. पण मांडायला कोणी बसत नाही, कारण घरात एक तर नकार असतो नाही तर शरणागती.

मी वर्षातला एक तास यासाठी ठेवते. नव्या फोनची जाहिरात लावते आणि मुलांनाच ती तपासायला सांगते. 'दुप्पट वेगवान' म्हणजे कशाच्या दुप्पट? शोधलं की कधी कधी तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलशी केलेली तुलना सापडते. एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, या आलेखाच्या अक्षावर आकडेच नाहीयेत." सगळा वर्ग पडद्याजवळ येऊन बघायला लागला. त्या तासाला मी जवळजवळ काहीच बोलले नाही. ही मुलं मूर्ख नाहीत हो! त्यांना हे दाखवणारं कोणी भेटत नाही.

आणि नियम करता येतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० वेळा चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं आणि सॉफ्टवेअर अपडेट किमान पाच वर्षं मिळाले पाहिजेत. नियम लागू होण्याआधीच गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या मॉडेलना सात वर्षं अपडेट देण्याची घोषणा केली होती. म्हणजे टिकाऊ फोन देता येतो. मागणारे हवेत.

तेव्हा घरात फोन घ्यायची वेळ आली असेल, तर जरूर घ्या, मी नको म्हणणार नाही. पण दुकानात मुलाला सोबत न्या आणि त्यालाच विचारू द्या : याला अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार, बॅटरी कुठे आणि कितीला बदलून मिळणार, पडदा फुटला तर सुटा भाग किती वर्षं मिळेल. विक्रेता काय उत्तर देतो ते इथे कमेंटमध्ये लिहा. मला ती उत्तरं पुढच्या तासाला वर्गात वाचून दाखवायची आहेत.