पट्टी उतरवली म्हणजे गळा गेला, असं नाही

"रियुनियन टूरमध्ये गाणी खालच्या पट्टीत, म्हणजे गायक थकला", हे फुटलेले बँड पुन्हा एकत्र येऊन करतात त्या दौऱ्यांबद्दलचं एका लेखातलं वाक्य अर्धवट आहे भाऊ. गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या गिटारी १९८७च्या पहिल्या अल्बमपासूनच अर्धा स्वर खाली आहेत! नागपूरच्या बँडवाल्यांनो, त्यांची गाणी बसवताना नुसत्या खुंट्या सैल करू नका. तारा ढिल्या पडून फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरतात. १० नंबरऐवजी ११चा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट चढवा. फ्लॉइड रोझवर, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेल्या हलत्या ब्रिजवर (तारा अडकवायच्या पट्टीवर), त्याच १०च्या तारा ठेवल्या तर ताण कमी पडून स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात, मग गिटारच्या मागचे, स्प्रिंगांचे स्क्रू थोडे ढिले करा आणि सहाही तारा दोन-तीनदा पुन्हा सुरात लावा. आणि आपल्या मे महिन्यात एसीतून थेट मैदानावर? तारा तापून सूर उतरणारच. गिटार अर्धा तास आधी स्टेजवर सावलीत ठेवा, मग ट्यून करा.