हॉल्टिंगचे पैसे कोणाचे?

"ड्रायव्हर मिळत नाहीत हो." कळंबोलीत स्टील मार्केटच्या आसपास कुठल्याही टपरीवर चहा घ्यायला थांबा, हे कानावर पडणारच. म्हणणारे सगळे गाडीमालक. गाड्या उभ्या, बँकेचे हप्ते चालू, चालवायला माणूस नाही. मग कारणंही तेच सांगतात. आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, सगळी पोरं पार्सल डिलिव्हरीकडे पळाली, ड्रायव्हर माजलेत.

मी एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात हिशेबाला बसतो. ट्रिप संपली की ड्रायव्हर खर्चाच्या पावत्या घेऊन माझ्याकडेच येतात, आणि शेठ केबिनमध्ये नसले की मोकळेपणाने बोलतात. इतकी वर्षं ऐकतोय, एक गोष्ट पक्की कळली आहे. रस्त्याबद्दल त्यांची फार तक्रार नसते. घाट, पाऊस, रात्रीचं जागरण, शिळफाट्याचं ट्रॅफिक हे सगळं त्यांनी धरलेलंच असतं. डोकं फिरतं ते गाडी उभी राहिल्यावर.

कारण सरळ आहे. बहुतेक ठिकाणी पगार नावाला, खरी कमाई ट्रिपवर आणि भत्त्यावर. चाकं फिरली तर पैसे. आणि आपल्या भागात चाकं फिरतात कमी, थांबतात जास्त. ठाण्यात अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक तासांतच सोडतात, म्हणजे खारेगावच्या अलीकडे गाडी लावून बसा. उरणला बंदराच्या रस्त्यावर गव्हाण फाटा, जासई, करळ फाटा, सगळीकडे ट्रेलरच्या रांगा. जेएनपीएने, म्हणजे बंदराच्या प्राधिकरणाने, मोठा पार्किंग प्लाझा केला ते चांगलंच झालं, पण सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर ठेवायच्या जागेच्या, गेटबाहेर आणि कारखान्यांच्या दारात तोच जुना प्रकार.

मागच्या पावसाळ्यातलं सांगतो. आष्टीकडचे एक मामा आहेत आमच्याकडे, ट्रेलरवर. शुक्रवारी संध्याकाळी भरलेला वीसफुटी कंटेनर घेऊन एका सीएफएसच्या गेटवर पोचले. पार्टीच्या, म्हणजे ज्याचा माल त्या ग्राहकाच्या, कागदात कंटेनरच्या सीलचा नंबर चुकलेला. एजंट म्हणाला उद्या दुरुस्त करतो, आणि फोन बंद. गाडी आत गेली रविवारी रात्री. तोवर मामा केबिनमध्ये. गाडी सोडून जायची सोय नाही, बॅटरी आणि स्टेपनी जाते, शिवाय रांग हलली तर नंबर जातो. संडासला जायचं तर रस्त्यापलीकडच्या झाडीत, नाहीतर हॉटेलवाल्याच्या पाया पडा.

सोमवारी मामांनी पावत्यांचा चुरगाळलेला गठ्ठा टेबलावर ठेवला. पार्किंगची पावती, पंक्चरची, वजनकाट्याची, आणि पाण्याच्या जारचा हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला. जार शेठनी लाल पेनाने उडवला. "पाण्याचे कसले पैसे?" भत्ता धरला तो गाडी चालली त्या दिवसाचा.

त्याच दिवशी पार्टीचं बिलही मीच केलं. त्यात भाड्याखाली स्वतंत्र ओळ होती, हॉल्टिंग चार्ज, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, दोन दिवस. दोन्ही कागद एकाच टेबलावर. मामांना इंग्रजी वाचता येत नाही असं शेठना वाटतं, पण हॉल्टिंग हा शब्द कुठल्याही लिपीत लिहा, ड्रायव्हर बरोबर ओळखतो. मामा एवढंच म्हणाले, "भाऊ, गाडी उभी ऱ्हायल्याचं मिळतंय, अन् गाडीत मीच व्हतो ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा.

गंमत म्हणजे कागदाची सोय सरकारने केलेली आहे. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याला, दर 200 किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, आणि गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर 8 तासांत ती ऑनलाइन वाढवून घेता येते. माणसाचं काय? 1961 चा मोटर परिवहन कामगार कायदा होता, तो आता नव्या कामगार संहितेत गेला. त्या जुन्या कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास काम ठरवलेलं होतं, आणि कामगार मालकाच्या ताब्यात असेल तो सगळा वेळ कामाचा, असंही लिहिलं होतं. वाचून बरं वाटतं. पण खाली मेख आहे. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ धरायचा तो 15 मिनिटांच्या आतला असेल तरच! गेटवर 15 मिनिटांत काम झालेला ड्रायव्हर मी अजून पाहिलेला नाही.

आता याच नवी मुंबईत दुसरी बाजू बघा. तुर्भ्याच्या एपीएमसीत गाडीतला माल उतरवणारा माथाडी कामगार. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे त्याचं मंडळ आहे, मजुरीवर लेव्ही, म्हणजे मालकाकडून घेतलेली जादा रक्कम, बसते, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. कोपरखैरणे, घणसोलीला माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्याचं हे फळ. (माथाडीच्या नावाखाली खंडणी गोळा करणारेही निपजले, हे खरंच आहे. पण त्यासाठी कायद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.) हमालीला मालक नेमका कोण, हाच प्रश्न तेव्हा होता. व्यापारी बदलतो, गाळा बदलतो, माणूस तोच. ड्रायव्हरचं तरी वेगळं काय? आज या शेठकडे, दिवाळीनंतर त्या शेठकडे. मग पोतं उतरवणाऱ्याचं मंडळ होऊ शकतं, तर तेच पोतं नाशिकहून रात्रभर आणणाऱ्याचं का नाही?

वाहतूकदारांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे: ज्याचा माल त्याचा हमाल. म्हणजे वाराई, माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, ड्रायव्हरच्या किंवा गाडीवाल्याच्या खिशातून नको, माल घेणाऱ्याने द्यावी. शंभर टक्के बरोबर. पण मग ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने दिलेले पैसे, उशीर ज्याने अंगावर काढला त्याच्यापर्यंत पोचायला नकोत? मालकांनी घोषणा पार्टीच्या दारापर्यंत नेली, ऑफिसच्या काउंटरशी आणून ठेवली नाही.

शेठलोकांवर सगळं ढकलायचं नाहीये मला. चार-पाच गाड्यांचा मालक खरोखर मेटाकुटीला आलेला असतो. भाडं दोन-तीन महिन्यांनी येतं, डिझेल रोख, टोल फास्टॅगमधून त्याच क्षणी कापला जातो. मोठ्या पार्ट्या हॉल्टिंग बिलात लावू देत नाहीत, लावलं तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला. हे मी रोज बघतो. जिथे हॉल्टिंग मिळतच नाही तिथे शेठने कुठून द्यायचं, मान्य. माझा सवाल जिथे मिळतं त्याबद्दल आहे.

ड्रायव्हर लोक कंपन्या निवडतात तेही याच हिशेबाने. एक जण म्हणतो, "मोठ्या कंपनीत पगार दिसतो, शेठ दिसत नाही. छोट्याकडे शेठ दिसतो, पगार दिसत नाही." मोठ्या फ्लीटमध्ये पीएफ कापतात, पैसे खात्यात येतात, पण जीपीएसवर बसलेलं पोरगं दर अर्ध्या तासाला फोन करतं, "गाडी का थांबली?" छोट्याकडे बहिणीच्या लग्नाला उचल मिळते, ती फिटेपर्यंत मात्र पाय बांधलेले.

आणि डिझेलचं अ‍ॅव्हरेज! 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. उत्तम निर्णय. पण उभ्या गाडीत एसी चालवायचा म्हणजे इंजिन चालू, इंजिन चालू म्हणजे डिझेल, आणि अ‍ॅव्हरेज पडलं की तूट ड्रायव्हरच्या हिशेबातून. मे महिन्यात उरणच्या रांगेत एसी कोण लावणार? ड्रायव्हर डिझेल विकतात, हे मलाही माहीत आहे, विकतातच काही जण. पण दोन दिवस फुकट बसवलेल्या माणसाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा जरा जास्तच स्वस्तात करतो आपण.

थांबण्याची किंमत बाकीच्यांना एकदाच कळली. 1 जानेवारी 2024 ला न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या 10 वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हर स्वतःहून थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलैला संहिता लागू झाली तेव्हा 106(2) हे कलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं. टँकर थांबला की सरकार बोलायला बसतं, ट्रेलर गेटवर थांबला की कोणी ढुंकून बघत नाही.

मी शेठना सुचवलं आहे, व्हाउचरवर एक रकाना वाढवू. गेटवर पोचल्याची वेळ, गाडी मोकळी झाल्याची वेळ, आणि पार्टीकडून हॉल्टिंग आलं तर त्यातला निम्मा ड्रायव्हरला. वेळ जीपीएसवर दिसतेच, भांडण नको. शेठ म्हणाले, "निम्मा जास्त होतो." म्हणजे रकान्याला नाही म्हणाले नाहीत, आकड्यावर अडलंय. ग्रुपमध्ये स्वतःच्या गाड्या असलेले बरेच जण आहेत. तुमच्याकडे हॉल्टिंगमधलं ड्रायव्हरला काही देता का, आणि किती? खरं लिहा, मला उद्या ते शेठना दाखवायचंय.